शाळेच्या गल्लीसाठी प्लास्टिकमिश्रित डांबर: पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

नवी मुंबईच्या दिघा-ऐरोली भागातल्या आमच्या शाळेच्या मागच्या गेटाची गल्ली नव्याने डांबरी करून मिळावी आणि त्या डांबरात टाकाऊ प्लास्टिक वापरलं जावं, म्हणून आम्ही काही पालक मागे लागलो आहोत. पालकसभा सुटल्यावर जिन्यात, रिक्षा स्टँडवर, ग्रुपवर तेच तेच प्रश्न येतात. मी नऊ वर्षं एका हॉट मिक्स प्लांटच्या, म्हणजे खडी आणि डांबर तापवून मिसळणाऱ्या कारखान्याच्या, लॅबमध्ये नोकरी केली, आणि माझा मुलगा याच शाळेत दुसरीत आहे. म्हणून उत्तरं लिहायचं काम माझ्याकडे आलं.

प्लास्टिकचा रस्ता म्हणजे रस्त्यावर प्लास्टिक अंथरतात का?

नाही. रस्ता डांबर आणि खडीचाच असतो, दिसायलाही नेहमीसारखा काळा. फरक प्लांटवर पडतो. खडी साधारण १६५ ते १७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि डांबर घालण्याआधी त्या गरम खडीवर प्लास्टिकचा बारीक चुरा सोडतात. अर्ध्या मिनिटात चुरा मऊ होऊन खडीच्या प्रत्येक तुकड्यावर पातळ साय धरावी तसा बसतो. मग डांबर. चुऱ्याचं प्रमाण डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के.

या रीतीला कोरडी पद्धत म्हणतात. ती उभी केली मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी. २००२ मध्ये त्यांनी महाविद्यालयाच्या आवारातच असा रस्ता करून दाखवला. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने (आयआरसी) २०१३ मध्ये या पद्धतीची मार्गदर्शिका काढली, तिचा क्रमांक आयआरसी एसपी ९८. हा क्रमांक लिहून ठेवा, पुढे अर्जात लागेल.

याचा मुलांच्या तब्येतीशी काय संबंध? रस्त्याचा प्रश्न रस्त्याचा, दम्याचा प्रश्न डॉक्टरांचा.

मलाही आधी असंच वाटायचं. मग दोन वर्षांपूर्वी जानेवारीत एका सकाळी मुलाला सोडायला गेले. गेटापासून वीस पावलांवर झाडलेल्या कचऱ्याचा ढीग धुमसत होता. वर वाळकी पानं, खाली वेफर्सची पाकिटं, दुधाच्या पिशव्या, एक फाटका रेनकोट. ज्वाळा नव्हती, नुसता पिवळट, बुटका धूर. थंडीत हवा वर चढत नाही, त्यामुळे तो धूर मुलांच्या रांगेच्या उंचीवरच तरंगत होता. मुलाने दप्तराच्या पुढच्या कप्प्यातून दम्याचा पंप काढला, दोनदा ओढला आणि रांगेत उभा राहिला. सवयीने. ती सवय बघून मी घरी आले आणि या कामाला लागले.

उघड्यावर प्लास्टिक जळतं तेव्हा हवा अपुरी आणि आच कमीजास्त असते. प्लास्टिक पूर्ण जळत नाही. काजळी सुटते, पीएम २.५ सुटतं, आणि ढिगात पीव्हीसी (पाइप, रेनकोट यांचं क्लोरीन असलेलं प्लास्टिक) असलं तर हायड्रोजन क्लोराइड आणि डायऑक्सिनसारखी विषंही तयार होतात. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. आपला केस जाडीला यांच्या वीस-तीसपट असतो. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत, ते थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. भारताची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये घालून दिलेली मर्यादा १५ आहे.

मुलांना हे जास्त बाधतं, कारण सहा-सात वर्षांचं मूल मोठ्या माणसापेक्षा भराभर श्वास घेतं आणि वजनाच्या मानाने जास्त हवा आत ओढतं. त्याचं फुप्फुस अजून वाढत असतं. शिवाय त्याचं नाक जमिनीपासून साडेतीन फुटांवर, म्हणजे रिक्षाच्या सायलेन्सरच्या आणि उडणाऱ्या धुळीच्या जवळ.

धूळ हा दुसरा धागा. जुलैत खड्डा पडतो, त्यात खडी आणि कच टाकून वेळ मारून नेतात, आणि ऑक्टोबरच्या उन्हात त्याच कचेचं पीठ होऊन प्रत्येक टायरमागे उडतं. तिसरा धागा पाण्याचा. पिशव्यांनी तुंबलेलं गटार गल्लीत उलटतं, आणि पायाला जखम असलेलं मूल त्या पाण्यातून चालत गेलं तर लेप्टोची भीती. खड्ड्याकडेच्या टाकून दिलेल्या कपात साठलेलं स्वच्छ पाणी डेंग्यूच्या डासाला पुरतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की रस्ता स्वतः मुलांना बरं करत नाही. पण जे पाकीट गेटाबाहेर जळणार होतं किंवा गटारात जाणार होतं ते आधीच गोळा झालं, आणि गल्लीला खड्डे कमी पडले, तर मुलांच्या छातीवरचे दोन भार हलके होतात.

प्लांटवर प्लास्टिक तापवलं की तिथेही विषारी धूर होणारच ना?

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि त्याचं उत्तर आहे तापमान.

पॉलिथीन, पॉलिप्रॉपिलीन यांसारखं पिशव्या-पाकिटांचं प्लास्टिक ११० ते १६५ अंशांच्या दरम्यान मऊ पडतं. त्याचं विघटन होऊन वायू सुटायला लागतात ते २५० अंशांच्या पुढे. मधल्या पट्ट्यात काम केलं तर प्लास्टिक वितळतं, जळत नाही. दुधाची पिशवी इस्त्रीला चिकटणं आणि तीच पिशवी चुलीत पडणं, इतका फरक आहे.

पण हा पट्टा पाळावा लागतो, आणि तो आपोआप पाळला जात नाही. मी नोकरीत असताना एका पहाटे ठेकेदाराला घाई होती, डंपर रांगेत उभे होते, आणि बर्नरवाल्याने खडीचं तापमान खूप वर नेलं. माल लांब न्यायचाय, वाटेत गार पडेल, हे कारण. त्या दिवशी चुरा ओतला तसा निळसर धूर उठला आणि घसा खरवडून निघाला. मी माल अडवला. अडवायला नको होता असं तिथल्या साहेबांचं मत पडलं, त्यावर बरंच ऐकूनही घेतलं. पण त्या दिवसापासून मला कळलं, की या सगळ्या योजनेचा जीव एका थर्मामीटरमध्ये आहे. लोखंडी दांड्याचा, घड्याळासारख्या तबकडीचा साधा थर्मामीटर असतो, डंपरमधल्या मालात खुपसून बघायचा. प्रत्येक गाडीचा आकडा वहीत चढला पाहिजे. ती वही मागायचा आपल्याला हक्क आहे.

नुसत्या डांबराचाही धूर असतो, तो प्लास्टिक नसतानाही. त्यामुळे शाळा भरलेली असताना गेटासमोर डांबरीकरण नकोच.

मे महिन्यात उन्हाने रस्ता वितळणार नाही?

आपल्याकडे भर उन्हात डांबरी रस्त्याचा पृष्ठभाग ६०-६५ अंशांपर्यंत जातो. प्लास्टिक मऊ पडायला ११०च्या वर लागतात. उलट साध्या डांबरापेक्षा हे मिश्रण उन्हात कमी दबतं, चाकांच्या नाळी कमी पडतात.

कोणतंही प्लास्टिक चालतं?

मुळीच नाही. चालतात त्या दुधाच्या आणि किराणाच्या पिशव्या, बिस्किटं-वेफर्सची आतून चांदी असलेली पातळ पाकिटं, ब्रेडचं वेष्टन, कपड्यांवरची पारदर्शक पिशवी. मार्गदर्शिकेत पातळ फिल्मची जाडी ६० मायक्रॉनपर्यंत धरली आहे. ती धुतलेली, सुकी हवी. मातीचा अंश १ टक्क्याच्या वर गेला की चुरा खडीला नीट चिकटत नाही.

पीव्हीसी कोणत्याही रूपात नको. पाण्याचे पाइप, वायरचं आवरण, रेक्झिनची दप्तरं, मुलांचे जाड रेनकोट बाजूला ठेवा. आणि आपल्या ठाणे-नवी मुंबईत सगळ्यांत जास्त मिळणारं पीव्हीसी म्हणजे फ्लेक्स. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे, दहीहंडीचे, प्रवेश सुरूचे बॅनर. "एवढे फ्लेक्स पडलेत, तेच घाला की रस्त्यात," असं मला निदान दहा जणांनी सुचवलं असेल. फ्लेक्स १७० अंशांवर हायड्रोजन क्लोराइड सोडू लागतो. तोच वायू आपल्याला मुलांच्या नाकापासून लांब ठेवायचा आहे. फ्लेक्सचा एक तुकडाही नको, शाळेच्या स्नेहसंमेलनाचाही नको.

एका गल्लीला किती प्लास्टिक लागेल?

हिशेब मांडू. गल्ली २०० मीटर लांब, ५ मीटर रुंद, वरचा थर २५ मिलिमीटर. म्हणजे २५ घनमीटर माल, वजनाने सुमारे ५७ टन. त्यात डांबर साधारण ५ टक्के, म्हणजे २.९ टन. त्याच्या ८ टक्के प्लास्टिक, म्हणजे सुमारे २३० किलो.

ऐकायला थोडं वाटतं. पण अर्ध्या लिटरची दुधाची रिकामी पिशवी तीन ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे पाऊण लाखाच्या वर पिशव्या झाल्या. हजार मुलांच्या शाळेत प्रत्येकाने आठवड्याला दोन आणल्या तर जून ते मार्च गोळा करत बसावं लागेल. शाळेचं एक वर्ष म्हणजे गेटासमोरची एक गल्ली, हे माप मुलांना लगेच कळतं. आमच्या दुसरीच्या वर्गाने फळ्याच्या कोपऱ्यात रोजचा आकडा लिहायला सुरुवातही केली आहे.

म्हणजे मुलांनी कचरा वेचायचा?

अजिबात नाही. रस्त्यावरचा, गटाराकाठचा, डम्पिंगवरचा एक कागदही मुलांनी उचलायचा नाही. घरातली पिशवी घरी कोपरा न कापता फोडायची (कापलेला इवलासा तुकडाच गटारात जातो), पाण्याने खंगाळायची, दोरीवर वाळवायची आणि चौकोनी घडी करून आणायची. बस. शाळेत झाकणाची टाकी असावी. दर शनिवारी ती रिकामी करून वजन करायचं काम पालकांचं किंवा शिपाईमामांचं. आंबट वास येणारी पिशवी परत पाठवायची, पण मुलाला सगळ्यांसमोर बोलायचं नाही.

चुरा करायचं यंत्र शाळेत आणू नये. त्याची धूळ आणि आवाज दोन्ही वाईट, आणि पात्यांजवळ मुलं नकोतच.

दुधाच्या पिशवीला भंगारवाला पैसे देतो. ती रस्त्यात कशाला घालवायची?

रास्त प्रश्न आहे, आणि यावर आमच्यातही एकमत नाही. माझं मत असं, की जे पुन्हा वितळवून वस्तू होते ते आधी तिकडेच जावं. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम २०१६ सुद्धा तेच सांगतात: रस्त्याला शक्यतो ज्याचा पुनर्वापर होत नाही असं प्लास्टिक द्या. वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर चिकटलेले असतात, ते सुटे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला त्याला हात लावत नाही. तेच उडतं, तेच जळतं. रस्त्याला पहिला मान त्याचा. दुधाच्या पिशव्यांनी सुरुवात केली ती मुलांना धुऊन-वाळवून आणायची सवय लागावी म्हणून. पाकिटं पुरेशी जमली की पिशव्या भंगारात देऊन आलेले पैसे शाळेला देऊ.

आणि कचरा वेचणाऱ्या ताईंना यातून वगळू नका. कुठलं पाकीट कशाचं, हे त्या चुरगाळल्याच्या आवाजावरून सांगतात. वर्गीकरणाचं काम त्यांना रोजाने, हातमोजे-मास्क देऊन मिळालं तर आपलं प्लास्टिकही नीट निवडलं जाईल.

रस्ता झिजला की मायक्रोप्लास्टिक, म्हणजे प्लास्टिकचे बारीक कण, उडतील, त्याचं काय?

ही शंका मी उडवून लावणार नाही. रस्ता झिजतो, तसा त्याचा कणही सुटतो. प्लास्टिक इथे डांबराखाली, खडीला चिकटून असतं, सुटं नसतं. रस्ता घट्ट राहिला तर कण कमी सुटतील, उखडला तर जास्त. मायक्रोप्लास्टिकचा मोठा उगम टायरची झीज आहे, आणि ती कुठल्याही रस्त्यावर होतेच.

आपल्यासाठी तुलना अशी करावी: तीच पाकिटं रस्त्यात बांधलेली बरी, की उन्हात तुकडे तुकडे होत नाल्यातून ठाणे खाडीत गेलेली बरी? खाडीकाठचं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. आपल्या गल्लीचं गटार शेवटी तिकडेच उघडतं. मात्र शाळेच्या गल्लीत अवजड डंपर फिरत असतील, तर प्लास्टिक असो-नसो, आधी ते बंद करायला हवेत.

मग आता खड्डे पडणारच नाहीत ना?

असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. खड्डा पाण्यामुळे पडतो. पाणी डांबर आणि खडीच्या मधे शिरतं, चाकाचा दाब त्याला आत ढकलतो, डांबर खडीपासून सुटतं. प्लास्टिकचा थर खडीची सूक्ष्म छिद्रं बुजवतो आणि डांबर घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे हे सुटणं लांबतं. रायगडमध्ये नागोठण्याला रिलायन्सने आपल्या कारखान्याच्या आवारात सुमारे ४० किलोमीटर रस्ते ५० टन टाकाऊ पाकिटं वापरून केले. तिथला पाऊस आपल्यासारखाच, कोकणचा.

पण गटार रस्त्यापेक्षा वर असेल, चेंबरची कड उघडी असेल, किंवा केबलवाल्याने सहा महिन्यांत रस्ता खोदून मातीने बुजवला, तर कुठलंही प्लास्टिक तो वाचवू शकत नाही. म्हणून आमच्या अर्जात पहिली मागणी गटाराची आहे, प्लास्टिकची दुसरी.

आमच्याकडे काँक्रीटचा रस्ता आहे. आम्ही काय करू?

काँक्रीट चांगलं असेल तर राहू द्या. ही पद्धत फक्त गरम डांबराची आहे. तुमची पाकिटं शेजारच्या शाळेच्या टाकीत द्या.

शाळेच्या पटांगणात प्लास्टिकचे पेव्हर ब्लॉक बसवले तर?

ती वेगळी वस्तू आहे. तिथे वाळूत प्लास्टिक मिसळून ठोकळे पाडतात. पटांगणासाठी मी तरी आग्रह धरणार नाही. मुलांना पळायला, पडायला मातीच बरी. पाणी मारलेली माती धूळही उडवत नाही.

खर्च वाढेल म्हणून पालिका नाही म्हणेल?

डांबराचा थोडा भाग वाचतो, पण गोळा करणं, निवडणं, चुरा करणं याला पैसे लागतात. बचतीच्या मोठ्या गोष्टी सांगून मागणी करू नका. रस्ता जास्त पावसाळे काढेल, हा खरा फायदा. आणि नियमाचा आधार आहेच: केंद्रीय रस्ते मंत्रालयाने नोव्हेंबर २०१५ मध्ये पाच लाखांवर वस्तीच्या शहरांभोवती ५० किलोमीटरच्या पट्ट्यातल्या डांबरी रस्त्यांना टाकाऊ प्लास्टिक वापरायला सांगितलं. आपण त्या पट्ट्याच्या पोटातच राहतो.

अर्ज कुठे द्यायचा आणि त्यात काय लिहायचं?

नवी मुंबईत आपल्या विभाग कार्यालयात, ठाण्यात प्रभाग समितीच्या कार्यालयात. एक प्रत शहर अभियंत्यांच्या नावे. दोन्हींवर आवक शिक्का घ्या, शिक्क्याशिवाय अर्ज दिला असं धरू नका.

"प्लास्टिकचा रस्ता करून द्यावा" एवढंच लिहिलं तर उद्घाटनाची पाटी मिळेल, रस्ता मिळेलच असं नाही. लिहा की काम आयआरसी एसपी ९८ प्रमाणे कोरड्या पद्धतीने व्हावं. पीव्हीसी नसल्याची तपासणी व्हावी. खडीचं, मिश्रणाचं आणि रस्त्यावर माल पसरतानाचं तापमान नोंदवलं जावं. माल पसरताना १४० अंशांच्या खाली नको आणि रोलर तो ९० अंशांवर उतरायच्या आत फिरून झाला पाहिजे. दोषदायित्वाचा कालावधी (ज्या मुदतीत बिघडलेला रस्ता ठेकेदारानेच दुरुस्त करायचा असतो) आणि ठेकेदाराचं नाव गल्लीच्या तोंडाशी फलकावर असावं. तापमानाची वही कुणी दाखवली नाही तर माहितीच्या अधिकारात मागा. दहा रुपये आणि तीस दिवस लागतात.

काम कधी व्हायला हवं?

परीक्षा संपल्यापासून मे अखेरपर्यंत. शाळा बंद, पाऊस नाही, माल लवकर गार पडत नाही. जूनमध्ये ढगाखाली, ओल्या खडीवर केलेलं काम ऑगस्टपर्यंत टिकत नाही, मग त्यात काहीही घाला.

तोवर रोज सकाळी जळणाऱ्या ढिगाचं काय?

ते आजच थांबवता येतं. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घातली. साध्या जाळण्याला ५,००० रुपये दंड, मोठ्या प्रमाणावर जाळलं तर २५,०००. पण आधी दंडाकडे धावू नका. आमच्या गेटाजवळ जाळणारे सफाईचे दादा गाडी वेळेवर येत नाही म्हणून जाळत होते. ढीग तसाच राहिला तर मुकादम त्यांनाच बोलायचा. आम्ही विभाग कार्यालयात गाडीची वेळ साडेसहाची करून घेतली, आणि पानांसाठी शाळेने कुंपणाच्या आत एक खड्डा दिला. आता आठवड्यातून एखाद्या वेळी धूर दिसतो. तेव्हा फोटो, वेळ आणि जागा लिहून लगेच तक्रार करतो. ठाण्याजवळच्या दिवा गावातल्या जुन्या डम्पिंगच्या आगींचा धूर ज्यांनी सोसला आहे, त्यांना एवढ्याशा ढिगाची तक्रार का करायची हे समजावून सांगावं लागत नाही.

ज्या मुलांना पंप लागतो त्यांच्या पालकांनी दोन पंप ठेवावेत, एक दप्तरात आणि एक वर्गशिक्षिकेकडे, नाव आणि डोस लिहून.

रस्ता झाल्यावर आमचं काम संपलं का?

पहिल्या मोठ्या पावसानंतर उघडीप मिळाली की मुलाला सोडून येताना पाच मिनिटं थांबा. चेंबरच्या झाकणाभोवती आणि गटाराच्या कडेला बघा, कारण रोलर तिथे नीट पोचत नाही. खडी मोकळी होऊन बोटाने निघत असेल, तर त्यावर मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि त्याच दिवशी अर्ज द्या. तळहाताएवढा खड्डा जूनमध्ये एका घमेल्यात बुजतो. पाणी ओसरून गेलं का, कुठे तळं धरलंय, तेही नोंदवा. आमच्या वहीत गल्लीचा नकाशा काढून वीस-वीस मीटरचे दहा भाग पाडले आहेत, प्रत्येक भाग एकेका पालकाच्या नावावर. आठवा भाग अजून मोकळा आहे, मागच्या गेटाने मुलं सोडणाऱ्या कुणीतरी घ्यावा.